मामाजी, मी आणि गवताची मशीन

गवत कापायची मशीन आमच्या घरी आली ती लकी ड्रॉमधून. मारेगावच्या एका बियाण्याच्या दुकानदाराने त्या वर्षी पेरणीच्या वेळेला प्रत्येक थैलीमागे एक कुपन दिलं होतं. पहिलं बक्षीस मोटरसायकल, दुसरं घरगुती आटाचक्की आणि तिसरं ही मशीन. माझ्या सासूने, म्हणजे आत्याबाईंनी, आटाचक्कीसाठी मारुतीला नारळ बोलला होता. सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात. मामाजी सोडत पाहायला गेले आणि संध्याकाळी काळीपिवळी जीपच्या टपावरून एक लांबोडकं खोकं उतरवून घेऊन आले.

आत्याबाईंनी खोक्याभोवती एक फेरी मारली.

"चक्की एवढी लांब राह्यते का?"

"चक्की नाही. गवत कापते हे."

"गवत कापाले घरात विळे नाहीत का?" असं म्हणून त्या आत चहा ठेवायला गेल्या. मारुतीचा नारळ मात्र त्यांनी दुसऱ्या दिवशी फोडला. बोललेला नारळ ठेवून घेणं त्यांना पटणारं नव्हतं.

खोक्यातून निघाली एक लांब नळी, तिच्या एका टोकाला लाल रंगाचं छोटं इंजन, दुसऱ्या टोकाला प्लॅस्टिकचं गोल हेड, त्यातून बाहेर आलेल्या नायलॉनच्या दोन दोऱ्या, खांद्यात अडकवायचा पट्टा आणि एक गोल पातं. पेट्रोल भरून अंगणात चालू करायचा कार्यक्रम झाला. मामाजींनी इंजनाची दोरी ओढली. शेजाऱ्यांनी ओढली. रस्त्याने जाणाऱ्यांनी बैलगाडी थांबवून ओढली. मशीन एकदाही खोकलीसुद्धा नाही. दुपारपर्यंत अंगणात पेट्रोलचा वास तेवढा भरून राहिला. मग मामाजींनी ती गुंडाळून कापसाच्या खोलीत उभी करून ठेवली, आणि तिचा विषय निघाला की ते तंबाखू मळायला घ्यायचे.

कपाशीचे ते दिवस वाईट होते. हिरव्या बोंडात अळी निघायची, पाऊस हवा तेव्हा यायचा नाही आणि नको तेव्हा मुक्काम करायचा. शेतीवर भागेना म्हणून माझे मालक वणीला कोळशाच्या खाणीवर एका ठेकेदाराकडे लागले होते. ते तिथेच खोली करून राहायचे आणि सुट्टीला घरी यायचे. घरी आम्ही तिघं आणि माझी शाळेत जाणारी लेक. शेत मामाजी पाहायचे आणि मी त्यांच्या मागे.

मागे म्हणजे खरोखरच मागे. लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती, पण मामाजी माझ्याशी थेट बोलत नसत. रागबिग काही नव्हता, रीतच तशी होती. मी त्यांच्यासमोर डोक्यावर पदर घेऊन उभी राहायची, ते भिंतीकडे पाहून आत्याबाईंना सांगायचे, "तिले म्हना, बैलांची ढेप भिजवून ठेव." मी तिथेच उभी असायची. तरी आत्याबाई वळून मला म्हणायच्या, "ढेप भिजवून ठेव म्हनते." मग मी आत्याबाईंना सांगायची की भिजवली आहे, आणि त्या ते मामाजींना सांगायच्या. आत्याबाई माहेरी गेल्या की आमच्या घरात बोलणंच बंद पडायचं.

त्या वर्षी पावसाळ्यात गवताने डोकं वर काढलं. कपाशीत निंदायला बाया लावल्या होत्या, पण शेताच्या धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, तरोटा आणि गाजरगवत कमरेएवढं झालं. सगळे जण धुऱ्यांवर तणनाशक मारत होते. पण त्याच दिवसांत आमच्या भागात फवारणी बाधून माणसं आजारी पडत होती. आमच्याच गावातला एक माणूस दवाखान्यात राहून आला, आणि घरी आल्यावरही कित्येक दिवस त्याला डोळ्यांपुढे धुरकट दिसायचं. मामाजी त्याला भेटून आले, पाय धुतले आणि निंबाच्या झाडाकडे पाहत आत्याबाईंना म्हणाले, "आपल्या धुऱ्यावर औषध नाही माराचं. ते मशीन कोनी चालू करून देईल का?"

मी आतून आत्याबाईंना म्हटलं, "मारेगावले मिस्त्री आहे ना, स्प्रेपंप दुरुस्त करते तो. त्याच्याकडे नेऊन पाहू म्हना. मी येतो संगं."

'येतो' हे मी आमच्याकडच्या बायांच्या बोलीप्रमाणे म्हटलं. मी का जाते म्हटलं, हेही सांगते. माझ्याजवळ माहेरची शिलाई मशीन होती. तिची खोल-बांध मीच करायची. बॉबिन भरणं, धाग्याचा ताण पाहणं, दातऱ्यांत अडकलेली रुई काढणं, तेल देणं, हे मला आवडायचं. त्या लाल इंजनाकडे मी त्या पहिल्या दिवसापासून दाराआडून बघत होते. फक्त माझा हात त्याला लागायचा राहिला होता.

मिस्त्रीचं दुकान रस्त्याला लागून, आणि मागेच त्याचं घर. दुकानात पंप, लुना, चारा कापायच्या मोटारी असा सगळा पसारा. मिस्त्री हसरा माणूस. त्याने मशीनची टाकी उघडली, नाक लावलं आणि विचारलं, "काकाजी, इसमें तेल डाला था क्या?"

"पेट्रोल टाकलं ना भरून," मामाजी म्हणाले.

"पेट्रोल नाही, तेल. इंजन टू-स्ट्रोक आहे. पेट्रोलमध्येच तेल मिलवून टाका लागते." मग तो हसायला लागला. "चालू नाही झाली ते अल्लाची मेहरबानी समजा. बिनतेलाची चालली असती तं पिस्टन जागेवरच जाम झाला असता. दोरी वढून वढून तुम्ही प्लग वला केला, म्हनून मशीन वाचली."

त्याने टाकी रिकामी केली, प्लग खोलून फडक्याने पुसला, उन्हात ठेवला आणि एका बाटलीत पेट्रोल आणि तेल मिसळून हलवलं. तेलाचं माप म्हणून त्याच्याकडे खोकल्याच्या औषधाचं झाकण होतं. मामाजी सगळं बघत होते. त्यांना काहीतरी विचारायचं होतं, पण माझ्याशी बोलायला आत्याबाई नव्हत्या. शेवटी ते म्हणाले, "मिस्त्री, तिले विचारा, तिच्या ध्यानात येऊन राह्यलं का सारं?"

मिस्त्रीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. आम्ही एकाच बाकड्यावर बसलो होतो.

"काकाजी, ते तुमच्या बाजूलेच बसली हाय. तुम्हीच विचारा ना."

मामाजींनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग समोरच्या रस्त्याकडे बघतच म्हणाले, "येते का ध्यानात?"

"येते," मी म्हटलं.

एवढंच बोलणं झालं. तेवढ्यात मिस्त्रीची बायको घरातून चहा घेऊन आली.

मग चालू करायची पाळी आली. बैलगाडीवरून पडल्यापासून मामाजींचा उजवा खांदा दुखायचा. मिस्त्री म्हणाला, "काकाजी, तुमचा खांदा राहू द्या. बाईले वढू द्या." त्याने मला दाखवलं. आधी रबराचा तो छोटा फुगा दाबायचा, त्यात पेट्रोल चढलेलं दिसतं. मग चोक बंद करायचा. मशीन जमिनीवर दाबून धरायची आणि दोरी आधी हळू ओढायची, अडकल्यासारखी लागली की तिथून झटक्यात. "दोरी गुस्स्यानं नका वढू, बाई. आरामशीर वढा. खोकली की चोक खोलजा आन पुन्हा वढजा."

मी ओढली. मशीन खोकली. चोक खोलला, पुन्हा ओढली आणि ती चालू झाली. निळा धूर निघाला, हँडल माझ्या मुठीत थरथरायला लागलं, आणि त्या आवाजात मला माझंच हसू ऐकू येईना. मिस्त्रीची बायको दारात उभी राहून टाळ्या वाजवत होती. मामाजी उभे राहिले होते. त्यांचे ओठ हलत होते, पण काय म्हणाले ते कळलं नाही.

निघताना मिस्त्री म्हणाला, "एक बात राह्यली. हा पदर. हवा आली आन पदर हेडात गेला तं मानसाले वढून घेईल. पँट-शर्ट घाला, डोकशाले फडकं बांधा, पायात बूट, डोयावर चष्मा. त्याच्याबिगर हात लावू नका."

मी पदर आणखीच पुढे ओढला. मामाजींसमोर पँट घालून, उघड्या डोक्याने उभं राहायचं, हे माझ्या कल्पनेत बसेना. घरी आल्यावर मामाजींनी हातपाय धुतले, ओसरीवर बसले आणि आत्याबाईंना म्हणाले, "बापूची जुनी पँट काढून दे तिले. डोक्यावर पदर नसला तं चालते म्हना. म्या सांगतलं म्हनून सांग."

बापू म्हणजे माझे मालक. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता काहीतरी ऐकून घ्यावं लागणार. पण त्या उठल्या, पेटी उघडली आणि पँट काढून माझ्या कमरेला लावून पाहिली. "लांब होते. खालून टीप मार," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पँट, वर मालकांचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला घट्ट बांधलेली ओढणी आणि डोळ्यांवर मोटरसायकलचा चष्मा अशी निघाले. आत्याबाई तोंडाला पदर लावून हसल्या, माझी लेक तर लोळून हसली. गावातून जाताना बाया ओट्यावरून वाकून वाकून बघत होत्या. मामाजी माझ्या पुढे चालत होते, खांद्यावर पेट्रोलचा डबा घेऊन. कोणी विचारायच्या आधीच ते सांगत होते, "धुरे कापाले चाललो." शेतात पोचल्यावर त्यांनी खिशातून आमच्याच कापसाचे दोन बोळे काढले. "कानात घाल. आवाज लय आहे." मग जरा थांबून म्हणाले, "भाव नाही तं नाही, कानात घालाले तरी कामी आला."

मामाजी विनोद करतात, हे मला त्या दिवशी कळलं.

सुरुवातीला माझी फजिती पुष्कळ झाली. मी हेड जमिनीत खुपसायची, मग माती उडायची आणि दोरी तुटायची. हेड जमिनीवर हलकेच आपटलं की आतली दोरी थोडी बाहेर सरकते, हे मला मिस्त्रीने सांगितलं होतं, पण मी इतकी आपटली की तासाभरात हेड रिकामं झालं. नवी दोरी भरली ती उलटी भरली, ती भराभर सुटून शेतात साप पडल्यासारखी पसरली. मग मी धुऱ्यावर बसून रीळ हातात घेतलं. त्यावर बाणाची खूण होती. बॉबिन भरताना जसा धाग्याला ताण ठेवून एकाला एक लागून वेढे द्यायचे, तसे दिले, दोन्ही टोकं खाचांत अडकवली आणि झाकण बसवलं. मशीन चालू केली, हेड एकदा टेकवलं, आणि हवी तेवढीच दोरी बाहेर आली. त्या क्षणाला मला जो आनंद झाला तो मी कोणाला सांगू शकले नाही, कारण सांगायला तिथे फक्त मामाजी होते. तरी मी मान वर केली, तर तेच मला विचारत होते, "बसली का?"

"बसली," मी म्हटलं. नंतर लक्षात आलं की ते माझ्याकडे बघून बोलले होते.

मशीन चालू असली की बोलणं ऐकू येत नाही. म्हणून आम्ही खुणा ठरवल्या. मामाजी माझ्या बरेच पुढे, बाजूला उभे राहायचे. त्यांनी एक हात वर केला की थांबायचं, कोणी माणूस किंवा गुरं येताहेत. दोन्ही हात वर केले की इंजन बंद, गवतात काहीतरी आहे. टोपी हलवली की चहा. एकदा त्यांनी दोन्ही हात वर केले म्हणून मी बंद केली, तर गवतातून ससा निघाला आणि मामाजींच्या पायांजवळून पळाला. ते दचकून खालीच बसले, आणि मग आम्ही दोघंही इतके हसलो की डोळ्यांत पाणी आलं. सासऱ्यासमोर मी पहिल्यांदा तोंडावर हात न धरता हसले.

दगडांची मात्र भीती होती. एकदा खडा उडाला तो थेट आत्याबाईंच्या पाण्याच्या पितळी गुंडावर, म्हणजे घागरीवर, लागला. टण्ण आवाज झाला. गुंड आणि डबा घेऊन त्या येत होत्या, आणि मामाजींनी हात वर केला होता, पण मी उशिरा पाहिलं. आत्याबाईंनी गुंड खाली ठेवला, त्याला पडलेला पोचा बोटाने चाचपला आणि म्हणाल्या, "माह्यावर राग होता तं घरीच सांगाचं होतं." त्यानंतर मी कोणी जवळ आलं की आधी हँडलवरच्या एक्सलेटरच्या खटक्यावरून बोट काढायची, मग मान वळवायची.

दुपारी घरी आलं की मशीनची सेवा. तेवढा वेळ ओसरी आमची असायची. हवेच्या गाळणीचा स्पंज काढून मी साबणाच्या पाण्यात धुवायची आणि लेकीच्या शाळेच्या कपड्यांशेजारी दोरीवर वाळत घालायची. सायलेन्सरजवळ गवताचा चोथा अडकायचा, तो काडीने काढायचा, नाहीतर इंजन तापतं. जुन्या दातांच्या ब्रशने प्लग घासायचा. खालच्या गिअरमध्ये ग्रीस भरायचं. आणि नायलॉनची दोरी रात्रभर पाण्याच्या बादलीत भिजत ठेवायची, कारण वाळलेली दोरी कडक होते आणि तटातट तुटते. आत्याबाई त्या बादलीशेजारी तुरीची डाळ भिजवायच्या आणि लेकीला सांगायच्या, "नीट पाहून घेजो, नाहीतं दोरीचं वरन होईल."

ओसरीवर मामाजी पाने आणि फडकी हातात द्यायचे. काम करता करता बोलणं आपोआप सुरू झालं. त्यांना माझ्या शिलाईबद्दल विचारायचं होतं. मला त्यांच्या लहानपणाबद्दल. ते सांगायचे, पूर्वी या भागात जवारी किती उंच व्हायची, आणि हुरडा खायला पाहुणे कसे यायचे. आत्याबाई आतून ऐकायच्या. एकदा त्या बाहेर येऊन म्हणाल्या, "तुम्हा दोघांमधी आता माह्यं काही काम नाही." बोलल्या तक्रारीसारखं, पण दोघांपुढे शेंगदाण्याची वाटी ठेवून गेल्या.

कापूस फुटला तेव्हा पांदणीची गोष्ट निघाली. आमच्या शेतापासून पलीकडच्या पोडापर्यंत, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीपर्यंत, जुनी पांदण होती, म्हणजे शेतांमधून जाणारी गाडीवाट. कपाशी परवडेना म्हणून मधली काही शेतं पडीक पडली, तिकडे बैलगाड्या जायच्या बंद झाल्या, आणि चाक फिरलं नाही की पांदण बुजते. तिच्यात आता बाभळीची रोपं, तरोटा आणि कुंदा असा भरला होता की पाऊल टाकता येईना. पोडावरच्या बाया आमच्या गावात कापूस वेचायला यायच्या त्या नाल्याला वळसा घालून, डांबरी रस्त्याने. वेचून थकलेल्या बाया संध्याकाळी पुन्हा तेवढंच चालायच्या.

त्यांच्यातली एक म्हातारी माझ्या ओळीत वेचायची. ती एकदा कमरेला हात लावून पांदणीकडे बघत म्हणाली, "इथून आमचं पोड दिसते. पन जाता नाही येत."

घरी आल्यावर मी मामाजींना थेट म्हटलं, "मामाजी, पांदण कापू का आपन?"

"आपली एकट्याची आहे का पांदण? आपनच काहून कापाची?"

"मशीन आपल्याचकडे आहे म्हनून."

ते तंबाखू मळायला लागले. मला वाटलं, विषय संपला. पण सकाळी मी उठले तेव्हा ते अंगणात बसून दोरीचं हेड काढून त्या जागी पातं बसवत होते. बाभळीच्या रोपांना दोरी चालत नाही, पातंच लागतं, हे त्यांच्या ध्यानात होतं. नट उलटा फिरवून घट्ट करायचा, हेही.

आम्ही सकाळचं ऊन चढायच्या आत कापायचो. मी उजवीकडून डावीकडे मशीन फिरवत पुढे सरकायची, मामाजी मागून काटे आकड्याने ओढून बाजूला करायचे. पहिल्या दिवशी लोक बघून गेले. नंतर ज्यांची शेतं पांदणीला लागून होती ते कुऱ्हाडी घेऊन आले आणि मोठ्या बाभळी तोडू लागले. एकाने पेट्रोल आणून दिलं. बाया दुपारी भाकरी आणि ठेचा घेऊन यायच्या आणि माझा चष्मा स्वतःच्या डोळ्यांवर लावून बघायच्या. पांदणीला जणू जत्रेची कळा आली.

अर्ध्याहून जास्त वाट झाली आणि मशीन बंद पडली. आधी आवाज फाटला, मग ती विझली. मी तिला सावलीत ठेवून थंड होऊ दिलं. टाकीत पेट्रोल होतं, गाळणी स्वच्छ होती. प्लग खोलला तर काजळीने काळा, आणि पांढऱ्या चिनीमातीला तडा गेलेला. घासून भागणार नव्हतं. आता मारेगावला जाऊन यायचं म्हणजे दिवस गेला. लोकांनी कुऱ्हाडी खाली ठेवल्या.

मामाजींनी बंडीच्या आतल्या खिशात हात घातला आणि कागदात गुंडाळलेला नवा प्लग काढून माझ्या तळहातावर ठेवला.

"तुम्ही कधी आनला?"

"मागच्या बाजारी. मिस्त्री म्हने, घरात एक जास्तीचा असू द्या. तुले सांगाचं राहून गेलं."

मला माहीत होतं, राहून गेलं नव्हतं. त्यांना तो असा ऐन वेळेला काढून द्यायचा होता. त्यांच्या मिशीखालचं हसू लपत नव्हतं. मी प्लग हाताने फिरवून बसवला, मग पान्याने आवळला, वर त्याची रबरी टोपी चढवली, आणि आरामशीर दोरी ओढली.

इंजन बंद असतानाच्या त्या शांततेत आम्हाला पलीकडून आवाज आले होते. खट खट, आणि बायांचं बोलणं. मशीन पुन्हा चालू झाली तसे ते आवाज दबले, पण पुढे पुढे जाताना मला गवताचे शेंडे समोरून हलताना दिसायला लागले. मामाजींनी बाजूने पुढे येऊन दोन्ही हात वर केले. मी इंजन बंद केलं. समोरचं गाजरगवत बाजूला झालं आणि विळा घेतलेला एक हात बाहेर आला, त्यामागे माझ्या ओळीत वेचणारी ती म्हातारी, आणि तिच्यामागे पोडावरच्या कितीतरी बाया. मशीनचा आवाज रोज ऐकू येत होता म्हणून त्यांनीही आपल्या बाजूने कापायला घेतलं होतं.

आम्ही एकमेकींकडे बघतच राहिलो. त्या घामाने भिजलेल्या, मी चष्मा आणि पँट घातलेली, सर्वांगाला हिरवा चोथा चिकटलेला. म्हातारी कोलामीत काहीतरी म्हणाली आणि मागच्या सगळ्या बाया खदखदून हसल्या. मी विचारलं, काय म्हणाली. एक जण हसत सांगू लागली, "म्हनते, आम्हाले वाटलं तिकडून कोनी साहेब येऊन राह्यला. ही तं आपलीच बाई निघाली."

मग म्हातारीने हात पुढे केला. "दे मले. पाहू तं दे."

मी पातं काढून दोरीचं हेड लावलं, पट्टा तिच्या खांद्यात अडकवला, माझा चष्मा तिला घातला, बाकीच्यांना दूर उभं केलं आणि तिच्यामागे उभी राहून मशीन चालू केली. हँडल थरथरलं तशी तिने आधी डोळे मिटले. मग उघडले. राहिलेल्या गवतावरून तिने हेड फिरवलं, आणि तरोटा आडवा पडला. ती थांबायलाच तयार होईना. तोंडात दात थोडे, पण ती इतकं तोंड भरून हसत होती की मामाजीसुद्धा टोपी हातात घेऊन उभे राहिले. शेवटचा टप्पा तिनेच कापला. मी फक्त मागून पट्टा धरला होता.

दुसऱ्या दिवशी पांदणीतून पहिली बैलगाडी गेली, कापसाची. बैल नव्या वाटेला बुजले, मग चालायला लागले. आत्याबाईंनी बैलांच्या कपाळाला कुंकू लावलं, आणि लगे हात मशीनच्या लाल झाकणालाही.

त्या वर्षी कपाशीने हातात काही ठेवलं नाही, पुढच्या वर्षीही फार वेगळं झालं नाही. पण पोडावरच्या बाया त्या दिवसापासून पांदणीने येऊ लागल्या, आणि संध्याकाळी दिवा लागायच्या आत आपल्या घरी पोचू लागल्या. गावातून धुरे कापून मागायला लोक आमच्याकडे यायचे. पुढे शाळेचं पटांगणही मीच साफ केलं. मिस्त्रीच्या समाजाच्या कबरस्तानातलं गवत वाढलं तेव्हा त्याने निरोप पाठवला आणि मामाजी व मी दोघंही मशीन घेऊन गेलो. त्याच्या बायकोने त्या दिवशी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

पांदण झाल्यावर पहिल्याच सुट्टीला माझे मालक वणीहून आले. पांदण पूर्ण झाल्याचं त्यांना कोणी कळवलं नव्हतं. मामाजी मुद्दाम पोडाजवळ डांबरी रस्त्यावर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी मोटरसायकल पांदणीकडे वळवायला लावली. मागे बसून स्वतः वाट दाखवत आले. घरी पोचले तेव्हा माझी कणीकही मळून झाली नव्हती.

"एवढ्या लवकर कसे आले?" मी विचारलं.

मालक बोलायच्या आत मामाजीच म्हणाले, "तुह्या रस्त्यानं आनलं त्याले." आणि ओट्यावर बसून त्यांनी लेकाला पहिल्यापासून सगळं सांगायला घेतलं. ससा, गुंड, प्लग, म्हातारी. मी आतून ऐकत होते. जिथे ते चुकायचे तिथे मी कणकेच्या हातांनी दारात येऊन दुरुस्त करायची, आणि ते म्हणायचे, "हाव, बरोबर आहे, तूच सांग."